शेपटी नसलेलं फंक्शन

ऑप्टिमायझेशन बंद असताना प्रोग्रॅम नीट चालतो. ओ-२ ही ऑप्टिमायझेशनची पातळी लावली की कोसळतो, तोही भलत्याच जागी: ज्या फंक्शनला कोणी बोलावलंच नव्हतं, त्याच्या पोटात. एलएलव्हीएमवर उभ्या केलेल्या एका छोट्या कंपायलरमधला हा घोळ आम्ही दोघं शोधत होतो.

पहिला पुरावा डिसअसेंबलीत मिळाला. मुख्य फंक्शन काहीतरी छापतं आणि तिथेच संपतं. पुढचा कॉल नाही, शेवटचं ‘रेट’ही नाही. परत फिरायची आज्ञाच नसल्याने प्रोसेसर सरळ पुढे जातो आणि मेमरीत शेजारी जे फंक्शन असेल त्यात शिरतो. म्हणजे जिथे प्रोग्रॅम पडला, ते फंक्शन निर्दोष होतं.

मग कॉल खाल्ला कोणी? ओ-२ला ऑप्टिमायझेशनचे पास शेकड्यांनी चालतात. ‘ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट’ला एक आकडा दिला, की तेवढे पास चालवून एलएलव्हीएम पुढचे ऐच्छिक पास वगळतं. आकडा निम्मा करायचा, प्रोग्रॅम चालवायचा; चालला तर पुढचा निम्मा भाग, पडला तर मागचा. काम कंटाळवाणं, पण वाट चुकत नाही. शेवटी बोट इन्स्टकंबाइन या पासवर आलं. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या आयआरच्या, म्हणजे कंपायलरच्या मधल्या भाषेतल्या कोडच्या, प्रती शेजारी ठेवल्या. आधीच्या प्रतीत कॉल होता. नंतरच्या प्रतीत त्याच्या जागी निरर्थक पत्त्यावरचं एक ‘स्टोअर’ होतं. प्रवाहाचा आराखडा बदलायचा नाही, हे इन्स्टकंबाइनचं पथ्य. त्यामुळे ‘इथून पुढे कोणी पोचत नाही’ एवढी खूण तो ठेवतो. सिम्प्लिफायसीएफजी हा दुसरा पास ती खूण वाचतो आणि पुढचं सगळं छाटतो.

आता आयआर नीट वाचला. ज्याला बोलवायचं त्या फंक्शनच्या व्याख्येवर ‘फास्टसीसी’ लिहिलेलं, कॉलवर काहीच नाही. म्हणजे साधी सी पद्धत. नाव तेच, आर्ग्युमेंटं तीच, टाइपही तोच. जुळत नव्हतं ते फक्त कॉलिंग कन्व्हेन्शन: कोणतं मूल्य कुठे ठेवायचं, कोणते रजिस्टर जपायचे, स्टॅक कोणी आवरायचा, याबद्दलची बोलणी. लग्नात मांडव कोणी घालायचा आणि नंतर कोणी उतरवायचा, हे आधी ठरतं, तसंच हे. ३२-बिट विंडोजमध्ये तर ही उतरवण्याचीच भानगड असे: सीडेक्लमध्ये स्टॅक बोलावणारा आवरतो, स्टडकॉलमध्ये बोलावलेला. गल्लत झाली की दोघंही आवरतात किंवा कोणीच आवरत नाही. ६४-बिटमध्येही एकमत नाही. लिनक्सवर पहिला पूर्णांक आरडीआयमध्ये जातो, विंडोजवर आरसीएक्समध्ये.

आमच्याकडे ओ-शून्य चाललं ते नशिबाने. ६४-बिट एक्स८६वर साध्या आर्ग्युमेंटांसाठी फास्टसीसी आणि सी पद्धत तेच रजिस्टर वापरतात. एलएलव्हीएमच्या नियमाने मात्र अशा न जुळणाऱ्या कॉलचं वर्तन अव्याख्यात, आणि ते कधी घडणारच नाही असं धरायला ऑप्टिमायझर मोकळा.

मग एलएलव्हीएमचा व्हेरिफायर हे आधीच का अडवत नाही? कारण असा कॉल बरोबर प्रोग्रॅममध्येही उगवू शकतो. समजा, एक फंक्शन पॉइंटर आणि एक झेंडा घेतं. झेंडा खरा असेल तर फास्टसीसीने बोलावतं, नाहीतर साध्या पद्धतीने. ते इनलाइन झालं आणि पॉइंटरच्या जागी खरं नाव आलं, की दोनपैकी एका फांदीत विसंगत कॉल बसतो. ती फांदी कधीच चालणार नसते. व्हेरिफायरने तो नाकारला तर निर्दोष प्रोग्रॅम नाकारला जाईल. उलट ‘पोचता न येणारा’ मानला तर मेलेली फांदी आपोआप गळते. ज्या फंक्शनची फक्त घोषणा आहे, त्याच्या कॉलला मात्र विसंगती दिसली तरी इन्स्टकंबाइन हात लावत नाही. कारण त्याचं शरीर कदाचित असेंब्लीत लिहिलेलं असेल.

दुरुस्ती एका ओळीची: कॉल तयार करतानाच व्याख्येवरचं कन्व्हेन्शन त्यावर उतरवायचं. सोबत फ्रंटएंडमध्ये एक तपासणी घातली. थेट नावाने केलेल्या कॉलचं कन्व्हेन्शन व्याख्येशी जुळलं नाही, तर कंपायलर तिथेच थांबतो. फ्रंटएंडने नुकताच लिहिलेला कॉल ही कुठल्या इनलाइनिंगची उरलेली फांदी नसते. तिथे विसंगती दिसली, की ती चूकच.