प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी कॉपी? मग धंदा वाढणार कसा!

सॉफ्टवेअरच्या छोट्या धंद्यात हे हमखास होतं. पहिलं बिलिंग सॉफ्टवेअर किराणा दुकानाला विकलं. मग मेडिकलवाला म्हणतो, "मला बॅच नंबर आणि एक्स्पायरी पाहिजे." कापडवाल्याला साइज आणि रंग. आपण काय करतो? जुना कोड कॉपी करतो आणि त्यातच बदल करतो. दहा गिऱ्हाइकं, दहा कॉप्या! १ जुलै २०१७ ला व्हॅट जाऊन जीएसटी आला. ज्याच्याकडे अशा दहा कॉप्या, त्याला तोच बदल दहा वेळा. आणि पैसे? एकदाचेसुद्धा मागायची चोरी.

जावा वापरत असाल तर उपाय घरातच आहे, फुकट. २००६ च्या जावा ६ पासून त्यात सर्व्हिसलोडर आहे. मूळ प्रोग्रॅममध्ये फक्त इंटरफेस ठेवा. म्हणजे करारच: बिलाच्या ओळीत जादा माहिती भरणाऱ्या क्लासमध्ये ही दोन मेथड्स असल्याच पाहिजेत. मेडिकलचा क्लास वेगळ्या जार फाइलमध्ये. त्या जारमध्ये मेटा-इन्फ, त्याच्या आत सर्व्हिसेस फोल्डर, तिथे इंटरफेसच्या पूर्ण नावाची साधी टेक्स्ट फाइल आणि त्या फाइलमध्ये आपल्या क्लासचं पूर्ण नाव. जार क्लासपाथवर ठेवली की सर्व्हिसलोडर क्लास शोधून लोड करतो. मूळ कोडला हात लावायचा नाही. जावा ९ चे मॉड्यूल वापरत असाल तर त्या टेक्स्ट फाइलऐवजी मॉड्यूलच्या फाइलमध्ये 'युजेस' आणि 'प्रोव्हाइड्स' लिहायचं.

एक्लिप्स माहीत असेलच. तेही असंच प्लगइनवर उभं आहे, फक्त यंत्रणा त्याची स्वतःची. सुरू होताना ते प्लगइनची माहिती देणारी फाइल वाचतं, मेनूत नाव दाखवायला तेवढं पुरतं. क्लास लोड होतो तो तुम्ही त्या मेनूवर क्लिक केल्यावर.

आता खरी डोकेदुखी. एका जारमध्ये क्लासचं नाव चुकलं तर सर्व्हिसलोडर जी चूक फेकतो ती 'एरर' जातीची असते, 'एक्सेप्शन' नाही. तुम्ही नुसतं एक्सेप्शन कॅच केलंत की ती निसटते आणि दुकानात संध्याकाळच्या गर्दीत बिलिंग बंद! म्हणून सर्व्हिसकॉन्फिगरेशनएरर वेगळी पकडा, लॉगमध्ये लिहा, बाकीचं चालू ठेवा. अनोळखी माणसाची जार तर लावूच नका, तिला तुमच्या प्रोग्रॅमइतकीच मोकळीक मिळते.

आणि हो, पहिल्याच गिऱ्हाइकाला इंटरफेस बनवत बसू नका. दुसरा-तिसरा आला की कुठे काय बदलतं ते कळतं. व्हिडिओत मेडिकल आणि कापड, दोन्ही जार लावून दाखवल्यात. सोबत टाइप करत बघा.