‘इंटरेस्ट’ : एक शब्द, तीन अर्थक्षेत्रे

इंग्रजीतील ‘इंटरेस्ट’ हा शब्द पेढीवर, न्यायालयात आणि अभ्यासिकेत सारख्याच सहजतेने वावरतो. पेढीवर त्याचा अर्थ व्याज, न्यायालयात हितसंबंध आणि अभ्यासिकेत रस किंवा गोडी असा होतो. मराठी वाचकास या तीन कल्पना परस्परांपासून सर्वस्वी भिन्न वाटतात; इंग्रजी भाषकाच्या दृष्टीने मात्र तो एकच शब्द होय. अनेकार्थी शब्द आणि योगायोगाने सारख्या उच्चाराचे झालेले शब्द यांत अर्थविचार जो भेद करतो, त्यानुसार ‘इंटरेस्ट’ निःसंशय पहिल्या वर्गात पडतो. त्याचे तिन्ही अर्थ एकाच मुळापासून फुटलेले आहेत. ही फूट कशी पडली हे समजून न घेता केलेले भाषांतर जमिनीच्या व्यवहारात अथवा साक्षीच्या मूल्यमापनात घातक ठरू शकते.

लॅटिनमध्ये ‘इंतेर’ म्हणजे मध्ये आणि ‘एस्से’ म्हणजे असणे. ‘इंतेरेस्से’ या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘मध्ये असणे’ हा होय. दोन वस्तूंच्या मध्ये काही असले म्हणजे त्या वेगळ्या होतात. म्हणून ‘फरक असणे’ हा अर्थ आला, आणि फरक पडणे म्हणजेच महत्त्व असणे, या न्यायाने ‘एखाद्याशी संबंध असणे’ हाही. रोमन विधीमध्ये नुकसानभरपाईची रक्कम ठरविताना ‘इद क्वोद इंतेरेस्त’ म्हणजे ‘जितका फरक पडला तितके’ असे मोजमाप होते. करार पाळला गेला असता तर जी स्थिती असती आणि प्रत्यक्षात जी आहे, त्या दोहोंमधील अंतर म्हणजे भरपाई.

या तांत्रिक प्रयोगाला मध्ययुगीन युरोपात अनपेक्षित महत्त्व प्राप्त झाले. कर्जाच्या वापराबद्दल मोबदला घेणे धर्मसत्तेने निषिद्ध मानले होते. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघडपणे सावकारी करणाऱ्यास ख्रिस्ती दफनही नाकारले. या मोबदल्याचे नाव ‘उसूरा’, म्हणजे शब्दशः ‘वापर’. याच शब्दापासून इंग्रजीतील ‘युझुरी’ आला. परंतु मुदतीत पैसा परत न आल्यामुळे धनकोचे जे नुकसान झाले, त्याची भरपाई मागण्यास धर्मपंडितांची हरकत नव्हती. या भरपाईला ते ‘इंतेरेस्से’ म्हणत. एकाच रकमेला ‘उसूरा’ म्हटले तर ते पाप आणि ‘इंतेरेस्से’ म्हटले तर न्याय्य मागणी, अशी स्थिती कालांतराने उत्पन्न झाली. इंग्लंडमध्ये १५४५ च्या कायद्याने शेकडा दहापर्यंतच्या व्याजास मुभा दिली. १५५२ मध्ये ती काढून घेण्यात आली आणि १५७१ मध्ये पुन्हा देण्यात आली. पुढे विधिसंमत वाढीस ‘इंटरेस्ट’ आणि मर्यादेबाहेरील वाढीस ‘युझुरी’ अशी वाटणी स्थिर झाली. फ्रेंचमधील ‘इंतेरे’ हा शब्द नुकसानभरपाईच्या विधिसंज्ञेत आजही वापरला जातो, तो या जुन्या अर्थाचा अवशेष होय.

येथे इतर भाषांशी तुलना उद्बोधक ठरते. ग्रीकमध्ये व्याजाला ‘तोकोस’, म्हणजे अपत्य, म्हणतात. पैशाला पैसा होतो, ही त्यामागील कल्पना. अरबीतील ‘रिबा’ म्हणजे वाढ. संस्कृतातील ‘वृद्धि’ हा शब्द तर तेच सांगतो. ‘चक्रवाढ’ हा मराठी शब्द ‘चक्रवृद्धी’चाच वारस आहे. या भाषांनी व्याजाकडे पैशाच्या बाजूने पाहिले. ‘इंटरेस्ट’ने धनकोच्या हानीच्या बाजूने पाहिले. मराठीतील ‘व्याज’ या दोन्हींहून निराळा आहे. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे निमित्त, मिष, कपट. ‘व्याजस्तुती’ आणि ‘व्याजोक्ती’ या अलंकारांच्या नावांत तो अर्थ टिकून आहे. तथापि पतपेढीत व्याज भरणाऱ्याच्या मनात कपटाचा लवलेशही नसतो. शब्दाची व्युत्पत्ती आणि त्याचा चालू अर्थ यांत केवढे अंतर पडू शकते, याचे हे घरातलेच उदाहरण.

‘संबंध असणे’ या मूळ अर्थाची दुसरी शाखा विधिव्यवहारात वाढली. एखाद्या मालमत्तेत आपला संबंध असणे म्हणजे तीत काही हक्क, वाटा अथवा दावा असणे. तेथून ‘ज्या गोष्टीत आपले बरेवाईट गुंतले आहे ती’, म्हणजे हित, हा अर्थ सिद्ध झाला. सतराव्या व अठराव्या शतकांतील युरोपीय राजनीतिविचारात मनोविकारांना आवर घालणारी विवेकी शक्ती म्हणून हिताची कल्पना कशी पुढे आली, याचे विवेचन आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले आहे. तिसरी शाखा सर्वांत अलीकडची. ज्यात आपले हित गुंतले आहे त्याकडे आपले लक्ष असते; पुढे हित गुंतलेले नसतानाही जे लक्ष वेधते त्याला अठराव्या शतकात ‘इंटरेस्टिंग’ म्हणू लागले. संबंध बाहेरच्या जगातून मनात शिरला.

समानार्थी शब्दांकडे पाहिले असता या तीन शाखांच्या सीमा अधिक स्पष्ट होतात. ‘शेअर’ म्हणजे मोजता येणारा वाटा. ‘इंटरेस्ट’मध्ये मोजमापाची अट नाही. ‘स्टेक’ म्हणजे पणाला लावलेली वस्तू. त्यात गमावण्याचा धोका प्रधान असतो. ‘बेनिफिट’ म्हणजे पदरात पडलेला लाभ. ‘इंटरेस्ट’ ही लाभहानीस पात्र असण्याची स्थिती होय. ‘कन्सर्न’मध्ये काळजीची छटा मिसळते. ‘क्युरिऑसिटी’ म्हणजे जाणण्याची उत्सुकता, जी उत्तर मिळताच शमते. ‘इंटरेस्ट’ उत्तर मिळाल्यावरही टिकू शकतो. यांपैकी एकही शब्द तिन्ही क्षेत्रे व्यापत नाही.

अर्थांची ही सरमिसळ निषेधवाचक रूपांतही दिसते. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, आणि ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला रस नाही असा, ही आजची शिष्ट वाटणी. परंतु सतराव्या शतकात ‘अनइंटरेस्टेड’ हा निःपक्षपाती या अर्थीही येत असे आणि ‘डिसइंटरेस्टेड’चा उदासीन या अर्थीही उपयोग आढळतो. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा असावा, दुसऱ्या प्रकारचा नसावा. मराठीत दोहोंसाठी सरसकट ‘तटस्थ’ लिहिले तर हाच भेद नाहीसा होतो.

मराठीचे वैशिष्ट्य असे की, तिने हे तीन अर्थ केवळ तीन शब्दांत नव्हे, तर तीन वाक्यरचनांत विभागले आहेत. ‘रकमेवर व्याज आहे’ यात आधार रक्कम आहे. ‘त्याचा या जमिनीत हितसंबंध आहे’ यात षष्ठी आहे. संबंध वस्तुस्थितीचा आहे, त्याला तो ठाऊक असो वा नसो. ‘त्याला या विषयात रस आहे’ यात चतुर्थी आहे. ‘त्याला भूक आहे’, ‘त्याला आनंद आहे’ याप्रमाणे तो अनुभव आहे, आणि अनुभव अनुभवणाऱ्यावाचून संभवत नाही. इंग्रजीत रकमेपुढे ‘ऑन’ हे शब्दयोगी येत असल्याने पहिला अर्थ सहज वेगळा होतो. परंतु उरलेल्या दोन्ही अर्थांपुढे ‘इन’च येत असल्याने तेथे संदिग्धता राहते. मराठी भाषांतरकारास षष्ठी की चतुर्थी, हा निर्णय टाळता येत नाही.

या निर्णयाचे परिणाम दूरगामी असतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ नुसार गहाण म्हणजे विवक्षित स्थावर मालमत्तेतील ‘इंटरेस्ट’चे हस्तांतरण. गहाणखतात व्याजही असते आणि हितसंबंधही. पहिले पैशावर, दुसरा जमिनीत. कलम ५४ नुसार केवळ विक्रीच्या कराराने, म्हणजे व्यवहारात ज्याला साठेखत म्हणतात त्याने, मालमत्तेत असा ‘इंटरेस्ट’ निर्माण होत नाही. येथे ‘लाभ’ अथवा ‘स्वारस्य’ असा शब्द योजला तर साठेखतावर भिस्त ठेवणाऱ्या खरेदीदारास आपली खरी स्थिती कळणारच नाही. त्याला जमिनीत रस असतो, कदाचित लाभही दिसत असतो. नसतो तो हितसंबंध.

साक्षीच्या बाबतीत प्रश्न अधिकच गंभीर होतो. राजस्थान राज्य विरुद्ध कल्की या प्रकरणात मृताच्या पत्नीची साक्ष ‘इंटरेस्टेड’ साक्षीदाराची म्हणून उच्च न्यायालयाने ग्राह्य धरली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये स्पष्ट केले की, नातेवाईक असणे आणि ‘इंटरेस्टेड’ असणे एक नव्हे. निकालापासून ज्याला काही लाभ व्हावयाचा आहे, अथवा आरोपीस कसेही करून शिक्षा व्हावी यात ज्याचे हित आहे, तोच त्या संज्ञेस पात्र. अशा ठिकाणी ‘संबंधित साक्षीदार’ असे भाषांतर केले तर न्यायालयाने कष्टाने वेगळे केलेले दोन अर्थ पुन्हा एक होतात. ‘हितसंबंधी साक्षीदार’ हाच शब्द येथे योग्य, कारण त्यात हिताचा उल्लेख आहे.

कोशात एका शब्दापुढे स्वल्पविराम देऊन मांडलेले प्रतिशब्द परस्परांचे पर्याय आहेत असा समज विद्यार्थ्यांत सहजच रूढ होतो. ‘इंटरेस्ट’च्या उदाहरणावरून दिसते की, ते पुष्कळदा पर्याय नसून एकाच प्रवासातील निरनिराळे मुक्काम असतात. भाषांतरकाराने प्रथम शब्दयोगी पाहावे, मग संबंध वस्तुस्थितीचा की अनुभवाचा हे ठरवावे, आणि शेवटी निवडलेला प्रतिशब्द वाक्यात ठेवून कोणाचे काय बदलते याचा विचार करावा. लॅटिनमधील त्या जुन्या क्रियापदाचा अर्थही अखेर एवढाच होता : फरक पडणे.