तिजोरी उघडत नाही? आधी हे करा

गटाचे पैसे ठेवायला बटणांची तिजोरी घेतलीत, आणि एखादीच्या बाळंतपणासाठी कर्ज द्यायचंय त्याच दिवशी ती उघडेना, तर?

आधी सेल बघा. दिवा मंद लागला की समजा, सेल उतरलेत. सेल बहुधा दाराच्या आतून असतात, म्हणून कंपनी वेगळी किल्ली देते. ती तिजोरीतच ठेवू नका; अध्यक्षांच्या घरी ठेवा. चुकीचा आकडा सारखा दाबला तर कुलूप काही मिनिटं अडून बसतं. थांबा, मग दाबा. आत सामान दाटलं असेल तर दार आत रेटून मूठ फिरवा. नेरळच्या पावसात सेलच्या टोकांना गंज चढतो, तेव्हा जूनआधीच सेल बदला.

तरी उघडेना, तर फोन पावतीवरच्या नंबरालाच करा. मोबाईलवर शोधून मिळालेला नंबर ठगाचाही असतो. ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० लावा.

कंपनीकडून तक्रार क्रमांक लिहून घ्या. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून बोला. त्यापुढे अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने, दुकान कुठलंही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षं.

पावती मात्र हवीच. पुढच्या बैठकीत ती इतिवृत्ताच्या वहीत चिकटवा.