विष आणि धान्य एका छताखाली नको

इ. स. १९५८ मध्ये केरळ व मद्रास राज्यांत विषारी अन्नाने शंभरांवर माणसे दगावली. वाहतुकीत पॅराथिऑन हे कीटकनाशक खाद्यपदार्थांत मिसळले होते. खाणाऱ्यांना त्याची कल्पनाही नव्हती.

या अनर्थाच्या चौकशीनंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम आले. त्यांतील एक नियम व्यापारी बंधूंनी सदैव ध्यानी ठेवावा. माणसांचे वा जनावरांचे खाद्य ज्या इमारतीत साठविले वा विकले जाते, तेथे कीटकनाशकाचा साठा अथवा विक्री करता येत नाही. नोंदणीकृत घरगुती कीटकनाशकांपुरतीच सवलत आहे.

धान्याला कीड लागली की ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आठवतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू सुटतो. म्हणून धुरी देण्याचे काम परवानाधारकाकडेच सोपवावे. त्या परवान्यासाठी कृषिशास्त्राची किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षणाचा दाखला आवश्यक ठरविला आहे. तो परवाना प्रत्यक्ष पाहून मगच वखारीचे कुलूप उघडावे. चार रुपये वाचविण्यासाठी त्या गोळ्या हमालाच्या हाती देणे, म्हणजे आपल्या भरवशावर राबणाऱ्याचा जीव पणाला लावणे होय.