स्टिअरिंगवरचा मान आणि मागे बसलेल्यांचा जीव

औंढा नागनाथच्या बसस्थानकासमोर अर्धा तास उभे राहिले तरी वाहनचालकांच्या मनाचा बराच अभ्यास होतो. हिंगोली, जिंतूर आणि वसमत या तिन्ही बाजूंच्या गाड्या येथे येतात. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला दर्शनासाठी आलेल्यांच्या गाड्यांची भर पडते. मागच्याने हॉर्न वाजवला की पुढचा मुद्दाम वाट देत नाही. एकाने ओव्हरटेक केले की दुसरा थोड्याच अंतरात त्याला गाठतो. अनेकदा दोघांनाही घाई नसते. प्रश्न मानाचा असतो.

समाजशास्त्राच्या नजरेने पाहिले तर गाडी ही केवळ प्रवासाची वस्तू नाही, ती दर्जाची खूण आहे. ट्रकपुढे जीप दबते, जीपपुढे मोटारसायकल, मोटारसायकलपुढे सायकल आणि सगळ्यांत खाली पायी चालणारा. वरच्याने दाबले की तो राग खालच्यावर काढायचा, ही सवय श्रेणीबद्ध विषमतेत जगलेल्या समाजाला नवी नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे आणि १९ टक्के पादचारी होते. म्हणजे मान मोठ्या गाडीचा आणि जीव बहुतेक वेळा लहानाचा.

चालकाच्या मनात आणखी दोन गोष्टी काम करतात. पहिली, स्वतःच्या कौशल्यावरचा फाजील विश्वास. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील ९३ टक्के विद्यार्थ्यांनी आपण निम्म्याहून अधिक चालकांपेक्षा चांगली गाडी चालवतो, असे सांगितले होते. हे गणितातच बसत नाही. आपल्याकडचे ‘वीस वर्षं चालवतोय, काही होत नाही’ हे वाक्य त्याच जातकुळीचे. पण ताशी ७२ किलोमीटर वेगातली गाडी एका सेकंदात २० मीटर जाते. मोबाइलकडे दोन सेकंद पाहिले की ४० मीटर रस्ता न पाहता पार होतो. तिथे अनुभव कामाला येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दुहेरी माप. दुसऱ्याने कट मारला तर तो माजलेला. आपण मारला तर आपल्याला घाई होती. त्यामुळे प्रत्येकाला रस्त्यावर आपण सोडून सगळे बेशिस्त दिसतात आणि स्वतःची चूक कुणालाच सापडत नाही.

मान आणि सुरक्षितता यांची गल्लत किती महागात पडते, याचे एक उदाहरण बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवले आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावच्या लोकांच्या आग्रहाखातर ते तिथे उतरले. महारवाड्यापर्यंत जायला टांगा हवा होता, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. आपल्या पाहुण्याने पायी यावे, हे वस्तीतल्या लोकांना पटेना. शेवटी टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला आणि वस्तीतल्याच एकाने तो हाकला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. सुरुवातीलाच एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या पुलावर चाक दगडाला अडकले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत पडले.

येथे दोन मान आड आले. एक टांगेवाल्याच्या जातीचा, जो क्रूर होता. दुसरा आपल्या माणसांचा, जो प्रेमाचा होता. पण पाहुण्याच्या प्रतिष्ठेपेक्षा त्याचा जीव मोठा, याचा त्या प्रेमात विसर पडला. आणि ज्याचा पाय मोडला, त्याला टांगा कोण हाकतो आहे याची कल्पनाही नव्हती.

प्रवाशाला विचारायचेच नाही, ही रीत आजही आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील वसमत तालुक्यातल्या गुंज येथील शेतमजूर नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात कामाला निघाले होते. ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात महिला मृत्युमुखी पडल्या. दोष कुणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम. पण मालासाठी केलेल्या ट्रॉलीत मजुरांना नेणे आपण किती सहज मान्य केले आहे, हे आपणही पाहिले पाहिजे. मजूर महिलांशी बोलताना एक गोष्ट वारंवार ऐकू येते: भीती वाटते, पण ‘भाऊ, हळू घ्या’ म्हटले तर उद्या कामाला बोलावणार नाहीत. चालकाच्या वागण्याचा हाही परिणाम आहे. अपघात झाला नाही तरी माणूस रोज जीव मुठीत धरून प्रवास करतो.

म्हणून काही गोष्टी वस्तीच्या बैठकीत ठरवाव्यात. रोज किती हे विचारण्याबरोबरच गाडी कोण चालवणार आणि त्याच्याकडे लायसन्स आहे का, हे मजुरांनी मिळून विचारावे. एकटीला कामावरून टाळता येते, सगळ्यांना टाळणे अवघड असते. अल्पवयीन मुलाच्या हाती ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल देण्यात कौतुक नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. आणि अपघात दिसला तर थांबावे. सद्भावनेने मदत करणाऱ्याला कलम १३४अ संरक्षण देते.

असे विचारण्यात किंवा हळू चालवण्यात कुणाचा अपमान नाही. चाळीसगावात त्या दिवशी ‘आपण बाबासाहेबांबरोबर चालतच जाऊ’ असे कुणीतरी म्हणायला हवे होते. आज ते म्हणणारे आपण व्हावे.