अप्रकट सुविधा, संगणकीय

अप्रकट सुविधा, संगणकीय : संगणकाच्या आज्ञावली रचण्यासाठी जी साधने वापरली जातात, त्यांत अस्तित्वात असलेल्या परंतु सर्वसाधारण वापरासाठी खुल्या न ठेवलेल्या सुविधांना अप्रकट किंवा निर्बंधित सुविधा म्हणतात. कंपायलर, आज्ञावली चालविणारी यंत्रणा, परिचालन प्रणाली, मोबाइल दूरध्वनी अशा बहुतेक सर्व ठिकाणी त्या आढळतात. विशिष्ट पर्याय लिहून, एखाद्या चलास ठराविक मूल्य देऊन किंवा निर्मात्याने अधिकृत पुस्तिकेत न दिलेल्या मार्गाने त्या खुल्या करता येतात. हे कुलूप बहुधा गुप्ततेसाठी नसते. सुविधा पुढील आवृत्तीतही तशीच राहील, या निर्मात्याच्या हमीची मर्यादा ते दाखविते. ही मर्यादा ओलांडणाऱ्या आज्ञावलीकाराला त्यापुढील जबाबदारी स्वतः घ्यावी लागते.

प्रकार : निर्बंधामागील कारणांनुसार या सुविधांचे चार प्रकार पाडता येतात : (१) अपूर्ण किंवा प्रायोगिक, (२) दोषनिदानासाठी राखलेल्या, (३) निर्मात्याच्या अंतर्गत उपयोगाच्या आणि (४) परवान्याने बांधलेल्या. जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये प्रसिद्ध केली व २०१० मध्ये ती ओरॅकलकडे आली. तिच्या ‘हॉटस्पॉट’ या चालक यंत्रणेत या चारही प्रकारांची उदाहरणे मिळतात.

निरुपयोगी झालेली स्मृती परत मिळविण्याची ‘झेडजीसी’ ही पद्धत २०१८ मध्ये जावाच्या अकराव्या आवृत्तीत आली. ती वापरण्यासाठी ‘अनलॉक एक्सपेरिमेंटल व्हीएम ऑप्शन्स’ हा पर्याय लिहिणे आवश्यक होते. २०२० मध्ये पंधराव्या आवृत्तीत ती पूर्णत्वास आल्याचे मानण्यात आले व हे बंधन गेले. यंत्रणेने प्रत्यक्षात कोणत्या यंत्रभाषेतील आज्ञा तयार केल्या हे पाहण्याची सोय ‘अनलॉक डायग्नोस्टिक व्हीएम ऑप्शन्स’ या पर्यायामागे आहे. चालू आज्ञावलीच्या कार्याची नोंद ठेवणारे ‘फ्लाइट रेकॉर्डर’ हे साधन ओरॅकलच्या आठव्या आवृत्तीत ‘अनलॉक कमर्शियल फीचर्स’ हा पर्याय दिल्यावर सुरू होत असे. तेथे तांत्रिक अडथळा असा काहीच नव्हता. शब्द लिहिला की साधन चालू होई. तथापि प्रत्यक्ष व्यवसायात ते वापरण्यास स्वतंत्र सशुल्क परवाना लागत असे. अकराव्या आवृत्तीत हे साधन मुक्त स्वरूपात उपलब्ध झाले व तो पर्याय कालबाह्य ठरला. एकाच प्रकारच्या शब्दाने उघडणाऱ्या या तीन कुलपांमागे याप्रमाणे तीन वेगळे अर्थ होते. तो अर्थ जाणून न घेता कुलूप उघडणे धोक्याचे असते.

भाषेच्या रचनेतही अशीच व्यवस्था आढळते. ‘स्विच’ या रचनेचे मूल्य देणारे नवे रूप २०१९ मध्ये जावाच्या बाराव्या आवृत्तीत केवळ पूर्वपरीक्षणासाठी देण्यात आले. त्यात मूल्य परत करण्यासाठी ‘ब्रेक’ हा शब्द होता. तेराव्या आवृत्तीत त्याऐवजी ‘यील्ड’ हा शब्द आला. चौदाव्या आवृत्तीत ही रचना कायम झाली. मधल्या काळात जुन्या शब्दाने लिहिलेल्या आज्ञावली बदलाव्या लागल्या. असा बदल अपेक्षित असल्यामुळेच पूर्वपरीक्षणाच्या सुविधा वापरून तयार झालेल्या फाइलवर विशेष खूण केली जाते व ती फाइल त्याच आवृत्तीवर, तोच पर्याय दिल्यास, चालते.

इतिहास : वैयक्तिक संगणकांच्या प्रारंभीच्या काळात मायक्रोसॉफ्टच्या डॉस या प्रणालीतील अप्रकट सुविधांना विशेष महत्त्व आले. डॉस एका वेळी एकच काम करी. पार्श्वभूमीवर स्मृतीत राहून कळ दाबताच जागी होणारी आज्ञावली लिहावयाची असल्यास, डॉस त्या क्षणी स्वतःच्या कामात गुंतलेली आहे किंवा नाही हे कळणे आवश्यक असे. ते दर्शविणारी एक खूण डॉसमध्ये होती. परंतु तिचा पत्ता देणारी सेवा अधिकृत पुस्तिकेत नमूद केलेली नव्हती. आज्ञावलीकारांनी डॉसच्या यंत्रभाषेतील आज्ञांचा उलगडा करून ती शोधून काढली. अशा सेवांची माहिती देणारा अँड्र्यू शुलमन व त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘अनडॉक्युमेंटेड डॉस’ हा ग्रंथ १९९० मध्ये प्रसिद्ध झाला.

यातून न्याय्य स्पर्धेचा प्रश्नही उद्‌भवला. प्रणालीच्या निर्मात्याची स्वतःची उत्पादने अप्रकट सेवा वापरू शकत असतील आणि इतरांना त्या ठाऊकच नसतील, तर इतर उत्पादक मागे पडतात. अमेरिकेतील मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात २००२ मध्ये झालेल्या अंतिम निवाड्यानुसार, कंपनीची विशिष्ट उत्पादने विंडोजच्या ज्या सेवांवर अवलंबून असतील त्यांची माहिती इतरांना देणे कंपनीवर बंधनकारक झाले.

अंतर्गत सुविधांवरील अवलंबन : निर्बंध झुगारून एखादी सुविधा अनेकांनी वापरली, तर ती मागे घेणे निर्मात्यास कठीण होते. जावातील ‘अनसेफ’ हा वर्ग याचे ठळक उदाहरण आहे. स्मृतीतील कोणत्याही स्थानी सीमा न तपासता थेट वाचन व लेखन करण्याची सोय त्यात आहे. त्यात चूक झाल्यास केवळ संबंधित आज्ञावलीच नव्हे, तर तिला चालविणारी सर्व यंत्रणा कोसळू शकते. हा वर्ग जावाच्या अंतर्गत भागांपुरताच असल्याने बाहेरील आज्ञावलीने सरळ मागणी केल्यास ती नाकारली जाई. परंतु वर्गाचे अंतरंग तपासण्याच्या ‘रिफ्लेक्शन’ या सोयीने त्यातील खाजगी घटक वाचून हा निर्बंध टाळता येत असे. वेगाच्या आवश्यकतेमुळे जाळ्यावरील दळणवळणासाठीचे ‘नेटी’, ‘कॅसँड्रा’ ही माहितीसंचय प्रणाली इ. व्यापक उपयोगाच्या साधनांनी हा मार्ग स्वीकारला.

२०१७ मध्ये नवव्या आवृत्तीत जावाची विभागणी मोड्यूलांत करण्यात आली व अंतर्गत भाग बंदिस्त करण्याचे काम सुरू झाले. ‘अनसेफ’ मात्र पर्यायी सुविधा तयार होईपर्यंत खुला ठेवावा लागला. इतर बहुतेक अंतर्गत भाग २०२१ मध्ये सोळाव्या व सतराव्या आवृत्त्यांत बंद झाले. ते वापरावयाचे असल्यास ‘ॲड-ओपन्स’ हा पर्याय स्पष्टपणे लिहावा लागतो. स्मृती हाताळण्याची अधिकृत पद्धत मार्च २०२४ मध्ये बाविसाव्या आवृत्तीत पूर्ण झाल्यावर ‘अनसेफ’मधील स्मृतिविषयक क्रिया पुढे काढून टाकण्यात येतील असे तेविसाव्या आवृत्तीत जाहीर झाले. चोविसाव्या आवृत्तीपासून (२०२५) त्या वापरल्यास इशारा मिळतो. ज्या सुविधेची हमी कधीच दिलेली नव्हती, तिच्यातून बाहेर पडण्यास अशा रीतीने काही वर्षे लागली.

रस्ट भाषेतील व्यवस्था : रस्टची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. या भाषेचा स्थिर कंपायलर अपूर्ण सुविधा स्वीकारत नाही. त्यांसाठी दररोज तयार होणारी ‘नाइटली’ ही आवृत्ती वापरावी लागते. मात्र कंपायलरच्या स्वतःच्या रचनेत अपूर्ण सुविधांचा उपयोग असल्यामुळे, त्याला स्वतःचीच नवी आवृत्ती तयार करता यावी म्हणून ‘रस्टसी बूटस्ट्रॅप’ हे चल ठेवण्यात आले. त्यास १ हे मूल्य दिले की स्थिर कंपायलरही त्या सुविधा स्वीकारतो. डिसेंबर २०२२ मधील ६·१ या आवृत्तीपासून लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात रस्टचा अंतर्भाव झाला, तेव्हा याच चलाचा आधार घेण्यात आला.

मोबाइलमधील सुविधा : अँड्रॉइड प्रणालीत विकासकांसाठीचे पर्याय ४·२ या आवृत्तीपासून (२०१२) अप्रकट असून, ‘बिल्ड नंबर’ या नोंदीवर सात वेळा टिचकी मारल्यावर ते दिसू लागतात. त्यांतील ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करून एखाद्या संगणकास संमती दिल्यास, त्या संगणकाला दूरध्वनीवर नवी आज्ञावली बसविता येते व त्यातील बरीच माहिती वाचता येते. त्यामुळे काम संपताच हा पर्याय बंद करणे इष्ट असते.

दक्षता : निर्बंधित सुविधा वापरण्यापूर्वी निर्बंधाचे कारण व परवान्याच्या अटी पाहाव्या लागतात. वापर अटळ असल्यास तो आज्ञावलीच्या एकाच लहान भागापुरता मर्यादित ठेवतात, म्हणजे सुविधा बदलल्यास तेवढाच भाग नव्याने लिहावा लागतो. कोणत्या आवृत्तीवर, कोणता पर्याय व कोणत्या हेतूने खुला केला याची नोंद आज्ञावलीबरोबर ठेवणे आवश्यक असते, कारण मूळ आज्ञावलीकार काम सोडून गेल्यानंतरही ती आज्ञावली दीर्घकाळ वापरात राहते आणि यंत्रणेची नवी आवृत्ती घेण्याची वेळ आल्यावर ही जबाबदारी त्याच्या जागी आलेल्या व्यक्तीवर पडते.