हवाबंदुकीचा घरगुती सरावकक्ष

हवाबंदुकीचा घरगुती सरावकक्ष : दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा छर्रा सोडणाऱ्या रायफलीचा किंवा पिस्तुलाचा सराव करण्यासाठी घरात योजलेली बंदिस्त जागा. अशा कक्षाची योग्यता लक्ष्यावर बसणाऱ्या छऱ्यांवरून नव्हे, तर चुकलेल्या व उलट उसळलेल्या छऱ्यांची कोणती व्यवस्था केली आहे, यावरून ठरते.

स्पर्धेत छऱ्याचा व्यास ४.५ मिमी. आणि लक्ष्याचे अंतर १० मी. असते. सु. ०·५ ग्रॅ. वजनाचा छर्रा रायफलीतून सेकंदाला सु. १७० मी. वेगाने सुटतो. त्याची ऊर्जा सु. ७ जूल भरते. डोळा कायमचा निकामी करण्यास ती पुरेशी आहे. भारतात शस्त्र नियम, २०१६ अन्वये ४.५ मिमी. पर्यंतच्या व २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवाबंदुकीस परवाना लागत नाही. मात्र त्यामुळे वापरणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही.

जागेची निवड : नेमबाजाची उभे राहण्याची जागा व छर्रापेटी धरून सु. १२ मी. सलग लांबी लागते. पुण्याच्या नैर्ऋत्येस, सिंहगड रस्त्यालगतच्या धायरीसारख्या उपनगरातील सदनिकांत ती क्वचितच मिळते. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीसारखी सरावस्थाने शहराच्या दुसऱ्या बाजूस असल्याने दैनंदिन सरावासाठी घरचा विचार होतो. दिवाणखाना व शयनगृह यांना जोडणारी सरळ रेषा निवडल्यास मधल्या पट्ट्यात उघडणारे प्रत्येक दार सरावाच्या वेळी आतून बंद करावे लागते. लक्ष्यामागे दार वा खिडकी मुळीच असू नये.

अंतर ५ मी. ठेवल्यास लक्ष्याचा काळा भाग निम्मा करतात; रायफलीसाठी तो ३०·५ ऐवजी १५·२५ मिमी. होतो. गुणवर्तुळे मात्र निम्मी करून चालत नाहीत, कारण छऱ्याचा व्यास तोच राहतो व छऱ्याच्या कडेचा स्पर्शही गुण मिळवून देतो. या हिशेबाने रायफलीचे दहा गुणांचे वर्तुळ ५ मी. वर आखताच येत नाही. म्हणून कमी अंतराचा उपयोग गुणमापनापेक्षा उभे राहण्याची ढब, श्वास व चापावरील नियंत्रण यांच्या सरावासाठी करावा.

छर्रा अडविण्याची रचना : पहिला अडथळा पोलादी पेटीचा असतो. तिच्यातील सु. ३ मिमी. जाडीचा पत्रा ४५ अंशांत असा बसवितात, की त्यावर आदळलेला छर्रा चपटा होऊन खालच्या तबकात पडावा. पत्रा नेमबाजाकडे सरळ तोंड करून बसविल्यास तुकडे मागे उडतात. पेटीचे तोंड लक्ष्यपत्राहून पुरेसे मोठे असावे. पेटी चुकविणाऱ्या छऱ्यांसाठी मागे १८ मिमी. जाडीच्या प्लायवुडचा रुंद फलक आणि त्यापुढे सैल टांगलेली जाड सतरंजी असा दुसरा अडथळा आवश्यक असतो. सतरंजी हलत असल्याने छऱ्याचा वेग शोषला जातो. ताणून बसविल्यास हा गुण नाहीसा होतो. उघडी विटांची वा काँक्रीटची भिंत हा अडथळा नव्हे. पोलादी गोळ्या फार उसळत असल्याने त्या घरात वापरू नयेत.

शिसे व स्वच्छता : रोज ६० छरे याप्रमाणे वर्षातील ३०० दिवस सराव केल्यास पेटीत सु. ९ किग्रॅ. शिसे साचते. पत्र्यावर आदळताना त्याची सूक्ष्म धूळ होते व ती लहान मुलांना विशेष घातक ठरते. त्यामुळे खोली केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी, तबक नियमित रिकामे करावे, सरावाच्या जागी काही खाऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

शिस्त : प्रत्येकाने संरक्षक चष्मा वापरावा. लक्ष्यपत्र बदलताना बंदूक रिकामी करून खाली ठेवावी आणि कोणीही तिला हात लावू नये. ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता (२००८) अभिनव बिंद्रा याने पंजाबातील आपल्या घरच्या कक्षात सराव केला होता. अशा कक्षाने प्रवासाचा वेळ वाचतो. पण सार्वजनिक सरावस्थानी पंच वा प्रशिक्षक ठेवतो ती देखरेख घरात दुसऱ्या जाणत्या व्यक्तीने ठेवावी लागते. तशी व्यक्ती उपलब्ध नसेल, त्या दिवशी छर्रा न भरता केवळ नेम धरण्याचा कोरडा सराव करणे श्रेयस्कर होय.